फुप्फुसाच्या कॅन्सरची मेंदूतली गाठ आणि चमकणारा रंग: या चुका टाळा

ओपीडीत एका पेशंटच्या मुलाने माझ्यासमोर मोबाइल धरला. व्हिडिओत निळा उजेड, उघडा मेंदू आणि मधोमध निखाऱ्यासारखी लालगुलाबी गाठ. "मॅडम, बाबांना हेच करा. पैशांचं मी बघतो." बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर होता आणि त्याची साडेतीन सेंटिमीटरची गाठ लहान मेंदूत आली होती. उलट्या व्हायच्या, चालताना तोल जायचा. ऑपरेशन करायचंच होतं. पण व्हिडिओतली गाठ ग्लायोमाची होती, म्हणजे मेंदूतच उगवलेली. बाबांची गाठ बाहेरून आलेली. रंगाच्या दृष्टीने या दोन गाठी अगदी वेगळ्या वागतात, आणि पहिली चूक इथेच होते.

गुलाबी व्हिडिओ पाहून औषध ठरवू नका

ते गुलाबी औषध म्हणजे ५-एएलए. पाण्यात विरघळवून पेशंटला प्यायला देतात, किलोमागे २० मिलिग्रॅम, भूल देण्याच्या साधारण ३ तास आधी. ग्लायोमाच्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन तयार करतात आणि निळ्या प्रकाशात ते लाल चमकतं. जर्मनीत वॉल्टर श्टुमर यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण नेहमीच्या उजेडात ३६ टक्के होतं, ते या औषधाने ६५ टक्क्यांवर गेलं. अमेरिकेत २०१७ साली त्याला मान्यता मिळाली. पण हे सगळं ग्लायोमासाठी. फुप्फुसातून आलेल्या कितीतरी गाठी या औषधाने चमकतच नाहीत. चमकल्या तरी ठिपक्याठिपक्यांनी. वर गाठ काढल्यावर आजूबाजूचा मेंदू कधी कधी गुलाबी दिसतो आणि तपासणीत तिथे कॅन्सरच्या पेशी सापडत नाहीत.

म्हणून अशा गाठींसाठी मी बहुतेक वेळा फ्लुओरेसीन वापरते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडद्याची अँजिओग्राफी केली असेल, तर हाच पिवळा रंग तुमच्या हातात टोचलेला असणार. अडोल्फ फॉन बायर यांनी तो १८७१ मध्ये बनवला आणि अमेरिकेत मिनेसोटाच्या जॉर्ज मूर यांनी १९४०च्या दशकात मेंदूच्या गाठींसाठी वापरून पाहिला. औषध स्वस्त आहे, पण मायक्रोस्कोपला त्याचा खास पिवळा फिल्टर लागतो. मेंदूच्या गाठीसाठी त्याचा वापर लेबलबाहेरचा आहे, म्हणजे या कामासाठी त्याला अधिकृत मान्यता नाही, हे संमतीपत्रावर सही घेताना नातेवाइकांना स्पष्ट सांगायला हवं.

रंग कॅन्सर ओळखत नाही

या लेखात एकच गोष्ट वाचायची असेल, तर ही वाचा. मेंदूतल्या निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, रंग त्यांतून बाहेर पडत नाही. गाठीतल्या वाहिन्या मात्र गळक्या असतात. तिथे फ्लुओरेसीन झिरपतं आणि पिवळंहिरवं चमकतं. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम दिल्यावर गाठ पांढरी दिसते, त्यामागेही हीच गळती असते. म्हणजे हा रंग "इथे गळतंय" एवढंच सांगतो. "इथे कॅन्सर आहे" असं तो सांगत नाही.

गळती सुजेतही असते. ब्रेन रिट्रॅक्टरने, म्हणजे मेंदू बाजूला धरून ठेवणाऱ्या पट्टीने, दाबलेल्या भागात असते. आमच्याच हातून दुखावलेल्या वाहिनीतूनही असते. मेंदूवरचं जाड आवरण, ड्युरा, तर पिवळं होतंच. रेझिडेंट असताना मीही पिवळं दिसेल तिकडे सक्शन नेत होते. माझ्या सरांनी मनगट धरलं आणि एमआरआयकडे बोट दाखवलं. गाठीची कड मागेच संपली होती, पुढे नुसती सूज होती आणि सुजेच्या पलीकडे हात हलवणारा भाग. तिथे रंगाच्या मागे जायचं नसतं. तिथे स्टिम्युलेटर (हलका विद्युतप्रवाह देऊन त्या भागाचं काम तपासणारं यंत्र) लावून, नेव्हिगेशन (स्कॅनवर आपण नेमके कुठे आहोत ते दाखवणारी यंत्रणा) बघून ठरवायचं.

उलटही होतं. गाठीचं पोट सडलेलं असेल तर त्याला रक्तपुरवठाच नसतो, रंग पोहोचत नाही. मधला भाग काळपट आणि कड पिवळी, असं दिसतं.

अँप्यूलवरचा आकडा दोनदा वाचा

फ्लुओरेसीनची मात्रा साधारण किलोमागे ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. आता खरी मेख: बाजारात १० टक्क्यांचं अँप्यूल मिळतं आणि २० टक्क्यांचंही. पहिल्यातून ३ मिलिलिटर घ्यायचे, दुसऱ्यातून फक्त दीड. फार्मसीतून नेहमीचं सोडून दुसरं आलं आणि सवयीने ३ मिलिलिटर भरले, की मात्रा दुप्पट. आमच्याकडे सिस्टर अँप्यूल हातात धरून टक्केवारी मोठ्याने वाचतात, भूलतज्ज्ञ हिशोब बोलून दाखवतात, मगच सिरिंज भरली जाते.

शीर नीट चालू आहे ना, ते आधी सलाइन सोडून बघा. हा रंग अल्कलीधर्मी आहे, शिरेबाहेर गेला तर हात जबर जळतो. त्याच लाइनमधून अँटीहिस्टॅमिनसारखं आम्लधर्मी औषध लगेच देऊ नका, साका बसतो. अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया क्वचित येते, पण येते. पूर्वी डोळ्यांची अँजिओग्राफी करताना त्रास झाला होता का, दमा आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

वेळ चुकली की सगळंच पिवळं

रंग भूल दिल्याबरोबर, डोक्याला चीर देण्याआधी गेला पाहिजे. कवटी उघडेपर्यंत रक्तातला रंग ओसरतो आणि गाठीत झिरपलेला मागे राहतो. हा फरकच आपल्याला हवा असतो. विसरलात आणि ड्युरा उघडताना दिलात, तर रक्तवाहिन्या, निरोगी मेंदू, गाठ, सगळं एकाच रंगाचं दिसेल. चमक कमी वाटते म्हणून मध्येच दुसरा डोस देण्याचा मोह तर पक्का आवरा. तोवर आपण कापलेल्या वाहिन्या उघड्या असतात आणि नवा रंग नेमका त्यांतूनच पसरतो.

चमक कमी दिसली तर आधी साध्या गोष्टी तपासा. फिल्टर खरंच चालू आहे का? मायक्रोस्कोपचा उजेड पुरेसा आहे का, लेन्स फार लांब आहे का? ओटीतले बाकीचे दिवे बंद केलेत का? आणि सगळ्यात मुख्य म्हणजे रक्त. पोकळीच्या भिंतीवर रक्ताचा पातळ थर बसला तरी खालची चमक झाकली जाते. कोमट सलाइनने धुवा, कापूस हळूच उचला, मग बघा. उजेड सरळ रेषेत जातो, त्यामुळे वरून झुकलेल्या कडेखालचा कोपरा अंधारातच राहतो. टेबल कलवा, मायक्रोस्कोपचा कोन बदला. मी शेवटी पोकळीभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, बारा वाजल्यापासून पुन्हा बारापर्यंत, एकदा साध्या उजेडात आणि एकदा फिल्टरमधून.

चमक बघण्यासाठी गाठ फोडू नका, हेही इथेच सांगते. शक्य असेल तिथे ती भोवतालून सोडवून अखंड काढावी. विशेषतः लहान मेंदूत तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या गाठींनंतर मेंदूच्या आवरणांत रोग पसरण्याचा धोका जास्त दिसला आहे.

सगळं सक्शनमध्ये घालवू नका

१९९० साली रॉय पॅचेल यांच्या प्रसिद्ध चाचणीत ५४ पेशंट घेतले होते. सगळ्यांना आधीपासून कॅन्सर होता आणि स्कॅनवर एकच गाठ. तुकडा तपासला तेव्हा त्यांतल्या ६ जणांची गाठ मेटास्टॅसिस, म्हणजे त्या कॅन्सरमधून पसरून आलेली, नव्हतीच. आपल्याकडे तर मेंदूचा टीबी आहे. ट्यूबरक्युलोमाच्या, म्हणजे टीबीच्या गाठीच्या, भोवतीच्या वाहिन्याही गळतात, म्हणजे तोही पिवळा चमकू शकतो. त्यामुळे नमुना पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे, आणि भरपूर गेला पाहिजे. ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्या त्याच तुकड्यावर होतात. भारतातल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या (फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) पेशंटमध्ये ईजीएफआरचा बदल बऱ्याच जणांत सापडतो आणि त्यावर मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या गोळ्या आहेत. बोटभर तुकडा पुढच्या उपचाराची दिशा बदलू शकतो.

"सगळी चमक गेली, मग रेडिएशन कशाला?"

त्या मुलाने ऑपरेशननंतर हेच विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर शांतपणे द्यायला हवं. ज्या पेशींभोवती वाहिन्या अजून गळत नाहीत, त्या चमकत नाहीत. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन रुग्णालयाच्या २०१७ सालच्या चाचणीत गाठ पूर्ण काढलेल्या पेशंटपैकी काहींच्या पोकळीवर नेमकं रेडिएशन दिलं, काहींना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. १२ महिन्यांनी त्या जागी रोग परत न आलेले रेडिएशनच्या गटात ७२ टक्के होते, दुसऱ्या गटात ४३ टक्के.

नातेवाइकांसाठी अजून दोन गोष्टी. फ्लुओरेसीन दिलं असेल तर पहिल्या रात्री युरोबॅगमधली लघवी गडद पिवळी, हिरवट झाक असलेली दिसेल आणि कातडीही पिवळट वाटेल. ही कावीळ नाही. कातडी अर्ध्या दिवसात निवळते, लघवीला दीड दिवस लागू शकतो. ५-एएलए दिलं असेल तर दोन दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळा, पलंग खिडकीपासून हलवून घ्या.

डेक्सामेथासोन (मेंदूची सूज कमी करणारं स्टेरॉइड) स्वतःहून एकदम बंद करू नका आणि मधुमेह असेल तर साखर रोज तपासा. एमआरआय ७२ तासांच्या आत करून घ्या, नाहीतर ऑपरेशनमुळे झालेले बदल आणि उरलेली गाठ यांत फरक करणं अवघड होतं. डिस्चार्ज कार्डावर कोणता रंग वापरला, किती मात्रा दिली, शेवटी कुठे चमक सोडून दिली आणि का, हे लिहून मागा. रेडिएशनचे डॉक्टर पोकळीची कड आखायला बसतात, तेव्हा त्यांना त्या ओळी हव्या असतात.