राकुगोत मिटल्या पंख्याने सोबा कसा खायचा

राकुगो म्हणजे एकट्याने बसून कथा सांगायची जपानी कला, आणि सोबा म्हणजे तिथल्या बारीक शेवया. सामान दोनच: घडीचा पंखा आणि साधारण ३५ बाय ९० सेंटीमीटरचा सुती तेनुगुई, म्हणजे जपानी पंचा. उशीवर वज्रासनासारखं बसा. कथा संपेपर्यंत उठायचं नाही.

मिटलेला पंखा उजव्या हातात चॉपस्टिक्ससारखा धरा, डाव्या हातात अदृश्य वाडगा. शेवया उचला, फुंका, मग जोरात सुर्रकन ओढा. उदोन ही दुसरी जपानी शेवई जाड, म्हणून ती ओढताना आवाजही जड आणि संथ हवा. नवखे इथेच फसतात: बोटं मिटतात, वाडगा नाहीसा होतो. शिवाय चावायला विसरतात!

संवादात मान वळवून पात्र बदला. वडीलधारा बोलताना तुमच्या उजवीकडे पाहा, धाकटा बोलताना डावीकडे. एकदा दिशा चुकली की मालक कोण, नोकर कोण, काही कळत नाही.