आकडा मीटर देतो, त्यामागचं कारण खणून काढावं लागतं

विद्युतचुंबकीय सेन्सरने शेतजमिनीचा नकाशा करायच्या कामात नवी मुलं येतात, तेव्हा त्यांचे पहिले प्रश्न उपकरणाबद्दलच असतात. कोणतं मॉडेल घ्यावं, किती खोलवरचं कळतं, सॉफ्टवेअर कोणतं. प्रश्न रास्तच आहेत, पण उपकरण हाताळणं लवकर जमतं. नकाशावरचा लाल पट्टा तिथेच का आला, हे पुराव्यानिशी सांगता येणं हे खरं शिक्षण, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

तत्त्व आधी पक्कं करा. एका कॉइलमधून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडला की तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीत बारीक प्रवाह उमटतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि दुसरी कॉइल ते टिपते. त्यावरून मातीची भासमान विद्युतवाहकता, म्हणजे सगळ्या थरांची मिळून दिसणारी वाहकता, मिलीसीमेन्स प्रति मीटरमध्ये मिळते. हे गणित भूभौतिकशास्त्रज्ञ मॅकनील यांनी १९८० साली एका तांत्रिक टिपणात मांडलं. ते जरूर वाचा, कारण ते कोणत्या अटींवर चालतं हेही तिथेच कळतं. फार खारवट जमिनीत त्या अटी ढिल्या पडतात.

ईएम३८ या जुन्या, सर्वपरिचित उपकरणात दोन कॉइलमध्ये १ मीटर अंतर असतं. ते सरळ उभं धरलं तर सुमारे १.५ मीटरपर्यंतचं कळतं, आडवं कुशीवर ठेवलं तर ०.७५ मीटरपर्यंतचं. पण ही खोली म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. साधारण ७० टक्के प्रतिसाद तिथपर्यंतच्या थरातून येतो, उरलेला त्याखालून. शिवाय उभ्या स्थितीत सगळ्यात जास्त वजन ४० सेंटिमीटरच्या आसपासच्या मातीला मिळतं, अगदी वरच्या थराला जवळपास काहीच नाही. बियाणं जिथे पडतं त्या थराबद्दल बोलायचं असेल, तर हा फरक ध्यानात ठेवावाच लागतो.

आता मुख्य अडचण. वाहकता वाढवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत: क्षार, ओलावा, चिकणमाती, मातीचा दाबलेपणा, तापमान. मीटर त्या सगळ्यांची मिळून एकच बेरीज सांगतो. एकाच शेतात दोन ठिकाणी सारखाच चढा आकडा आला आणि गिरमिटाने माती काढली, तर एका नमुन्याची बोटांत लांब, चिवट वळी होते, तर दुसरा भुसभुशीत निघतो आणि वाळल्यावर ढेकळावर पांढरी पापुद्री येते. पहिल्या जागी चिकणमाती बोलते आहे, दुसऱ्या जागी मीठ. दोन्हींना एकच रंग देऊन एकच सल्ला देणं म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान करणं, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून नमुने घेतल्याशिवाय नकाशा कोणाच्या हाती देऊ नका.

नमुने कुठून घ्यायचे, हेही नकाशाच सांगतो. अमेरिकेत रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने यासाठी एसॅप नावाची आज्ञावली तयार केली. मोजलेल्या आकड्यांचा सगळा पल्ला झाकेल आणि जागाही शेतभर पसरलेल्या राहतील, अशी ६, १२ किंवा २० ठिकाणं ती निवडून देते. डोळे मिटून चौकटी आखण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी शहाणपणाची आहे.

शेतातल्या शिस्तीवर मी फार भर देतो. जमीन वाफशावर असताना मोजा. कोरड्या मातीत पाण्याचे धागे तुटलेले असतात, आकडे पडतात आणि जागोजागचा फरकही पुसट होतो. उपकरण गरम होऊन स्थिरावू द्या, आणि एक ठरावीक ओळ दिवसभरात पुन्हा पुन्हा मोजा. उन्हात उपकरण तापलं की आकडा हळूहळू सरकतो, आणि तो सरकला हे फक्त ती ओळच दाखवते. मातीचं तापमानही नोंदवा, कारण प्रत्येक अंशामागे वाहकता सुमारे २ टक्क्यांनी बदलते आणि सगळे आकडे २५ अंशांवर आणावे लागतात. तारेचं कुंपण, लोखंडी पाइप, बुटातली पोलादी टोपी, खिशातला फोन यांपासून लांब राहा. घसरगाडी ओढायची असेल तर ती प्लास्टिकची किंवा लाकडाची हवी. जीपीएसचा अँटेना आणि सेन्सर यांच्यातलं अंतर दुरुस्त केलं नाही, तर जाताना आणि येताना घेतलेल्या ओळी एकमेकींत बसत नाहीत आणि नकाशाच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात. हे दाते मातीचे नसतात.

शिक्षणाचं म्हणाल तर मृदाशास्त्र, भूभौतिकी, कृषी अभियांत्रिकी यांपैकी कुठूनही या वाटेला लागता येतं. जे नसेल ते भरून काढायचं. संख्याशास्त्र मात्र कोणालाच चुकत नाही, विशेषतः व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसा आकड्यांतला फरक कसा वाढतो, याचा आलेख) आणि क्रिगिंग (त्यावरून न मोजलेल्या जागांचे आकडे अंदाजण्याची रीत). नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट मिळतात, तेवढ्यावर सुरुवात होते. आणि शेतकऱ्याला आधीच विचारा की पाणी कुठे साचतं, कोणता जुना बांध मोडला, कुठे भराव टाकला. ही माहिती कुठल्याच सेन्सरमध्ये येत नाही.

सरावासाठी जवळचं एखादं शेत निवडा आणि ते ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही हंगामांत मोजा. दोन्ही नकाशांत जो आकार टिकतो तो बहुधा पोताचा असतो, जो हलतो तो बहुधा ओलाव्याचा किंवा क्षारांचा. मग टिकलेल्या आणि हललेल्या अशा दोन्ही जागी गिरमिट लावा आणि आपला अंदाज तपासा.