कोकणात जुनी नाणी जमवताना या चुका टाळा

कोकण किनारपट्टीवर जुन्या नाण्यांची वानवा कधीच नव्हती. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा, चौल, दाभोळ, वेंगुर्ले ही बंदरे वेगवेगळ्या काळांत परदेशी व्यापाराने गजबजलेली होती. त्यामुळे इराणी पद्धतीच्या, चांदीच्या दुमडलेल्या तारेच्या लाऱ्या, पोर्तुगीज रुपये, मुंबईच्या टांकसाळीतली ईस्ट इंडिया कंपनीची नाणी आणि घाटावरून उतरलेल्या मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराया यांची येथे गाठ पडली, आणि देवांच्या पेट्यांत, फडताळांत व पोटमाळ्यांवर ती नाणी आजही मिळतात. वानवा आहे ती धीराची. माझ्याकडे नाणी दाखवायला येणारे बहुतेक जण नाणे कोणाचे आहे हे विचारण्याआधी त्याचे किती येतील हे विचारतात, आणि माझ्यापर्यंत पोहोचण्याच्या आत त्यांनी ते घासून लख्ख केलेले असते.

घासण्याची घाई

सर्वांत मोठी आणि कधीही न सुधारता येणारी चूक हीच आहे. आपल्याकडे तांब्याचा हंडा आमसुलाने किंवा चिंचेने घासून चकचकीत करण्याची सवय घराघरांत मुरलेली असल्यामुळे, तांब्याचे नाणे हाती आले की हात आपोआप आगळाच्या बरणीकडे जातो. परंतु हंडा वापरायचा असतो आणि नाणे वाचायचे असते. तांब्यावर कित्येक वर्षांत चढलेला गडद तपकिरी राप खालच्या धातूचे रक्षण करतो, शिवाय अक्षरांचा उठाव आणि त्यांच्यामधला खोलगट भाग यांतला रंगाचा फरक त्या रापामुळेच टिकतो. आम्लाने तो राप निघाला की झिजलेली अक्षरे वाचण्याचा शेवटचा आधारही जातो.

दापोलीकडच्या एका परिचितांच्या देवांच्या पेटीत तांब्याच्या नाण्यांची पुरचुंडी निघाली. त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रात एक जाडसर शिवराई होती. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ आणि अक्षरांची घडण जुन्या वळणाची. शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासून पाडली जाऊ लागली, पण पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही ती चालत राहिली, त्यामुळे देव्हाऱ्यांत मिळणाऱ्या बहुतेक शिवराया उत्तरकाळच्या, दोन आडव्या रेघांच्या दुदांडी प्रकारच्या असतात. ही तशी दिसत नव्हती. मी कळवले की कशालाही हात लावू नका, रविवारी येतो. रविवारी पोहोचलो तेव्हा सगळी नाणी एक रात्र आगळात भिजवून, भांडी घासण्याच्या पावडरीने आणि टूथब्रशने घासून, वर खोबरेल लावून प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेली होती. घरातले सर्व जण मोठ्या अभिमानाने तो डबा माझ्यापुढे धरून उभे होते. नाणी गुलाबी पडली होती आणि ‘राजा’ या ओळीतला काना शोधावा लागत होता.

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणि पाऊस तोंडावर आलेला. गणपतीत मी पुन्हा गेलो तेव्हा त्या नाण्यांवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उठले होते आणि ठिपक्यांखाली खड्डे पडले होते. खाऱ्या वाऱ्यातले आणि पाण्यातले क्लोराईड तांब्याशी संयोग पावून नाण्याच्या आत दडून बसते. त्याला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते, आणि हे चक्र आपोआप चालू राहते. रापाचे संरक्षण गेलेल्या, ओलसर डब्यात कोंडलेल्या नाण्याला याहून वाईट जागा मिळणे कठीण. ताक कळकू नये म्हणून पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणाऱ्या माणसांना हे वेगळे सांगावे लागू नये, असे मला नेहमी वाटते.

प्रत्येक हिरवा रंग मात्र धोक्याचा नसतो. कठीण, गुळगुळीत, गडद हिरवा थर स्थिर असतो आणि त्याला हात लावू नये. फिकट, पिठासारखा आणि दात कोरण्याच्या काडीने सहज उडणारा थर दिसला तर ते नाणे त्याच क्षणी इतरांपासून वेगळे करावे. मी अशी नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवतो, पाणी पुन्हा पुन्हा बदलतो, मग ॲसिटोनमध्ये बुडवून ओलावा काढतो आणि पूर्ण वाळल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो. विहिरीचे किंवा नळाचे पाणी या कामाला अजिबात वापरत नाही, कारण जे क्लोराईड काढायचे तेच त्यात असते. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करावे लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे काम वारंवार करावे लागते. एवढ्यानेही भुकटी परत आली तर नाणे संग्रहालयातल्या जाणकार संवर्धकाकडे न्यावे. घरगुती रसायनांचे प्रयोग तेथे थांबवावेत.

चांदीच्या नाण्यावरचा काळेपणा हा गंधकाचा परिणाम आहे. त्याला रांगोळीने घासू नये, आणि रबरबँडने नाणी बांधू नयेत, कारण रबरातही गंधक असतो. मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पारदर्शक पाकीट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. त्यातून निघणाऱ्या आम्लाने नाण्यावर चिकट हिरवा थर बसतो.

देवाचे चित्र आणि कंपनीचे नाव

दुसरी चूक पाहिली की माझा संयम सुटतो. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, ‘हाफ आणा’ असे मूल्य आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ असे लक्षात राहील असे वर्ष असलेले तांब्याचे नाणे जत्रेतल्या फेरीवाल्यापासून शिकल्यासवरल्या निवृत्त माणसापर्यंत सगळ्यांकडे असते. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. १६१६ साली कंपनीकडे हिंदुस्थानात स्वतःची टांकसाळच नव्हती, मुंबई बेट तिच्या ताब्यात १६६८ साली आले, आणि सर्व प्रांतांसाठी एकसारखी नाणी १८३५ पासून सुरू झाली. त्या १८३५ च्या खऱ्या अर्ध्या आण्यावर कंपनीचे राजचिन्ह आणि पानांचे वेटोळे आहे. देव कुठेही नाही.

रामाचे चित्र असलेले खरे नाणे पाहण्याची इच्छा असेल तर अकबराकडे वळावे लागते. त्याने सुरू केलेल्या इलाही सनाच्या ५० व्या वर्षातल्या, म्हणजे १६०४-०५ च्या नाण्यांवर धनुर्धारी राम आणि मागून चालणारी सीता आहे, आणि वर नागरी अक्षरांत ‘राम सीय’ असे लिहिलेले आहे. ती इतकी दुर्मिळ आहेत की जत्रेत मिळणार नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

या खोट्या नाण्यांचा पुढचा टप्पा अधिक घातक आहे. सिंधुदुर्गातल्या एका बागायतदाराला शहरातून आलेल्या दोघांनी पटवले की त्याच्या हनुमानाच्या नाण्यात इरिडियम हा दुर्मिळ धातू आहे, ते तांदूळ ओढते आणि परदेशी संस्था त्याला कोट्यवधी रुपये देईल. त्यांनी त्याच्यापुढे तांदूळ ओढूनही दाखवला. हे करायला लोहचुंबक आणि आत लोखंडाची बारीक तार घातलेले किंवा लोखंडाची पूड चोपडलेले तांदळाचे दाणे एवढेच लागते. नंतर ‘चाचणीचे शुल्क’ म्हणून आंब्याच्या हंगामाची आगाऊ रक्कम गेली आणि त्या दोघांचे फोन बंद झाले. मी त्याला फक्त एवढेच विचारले की प्रयोगाला तांदूळ त्यांनी आणला होता की घरातल्या कणगीतून काढला होता. उत्तर द्यायला त्याला बराच वेळ लागला.

चित्र ओळखण्याआधी

चित्रावरून गोष्ट रचण्याची घाई खऱ्या नाण्यांच्या बाबतीतही तितकीच असते. माझा स्वतःचा नियम असा आहे की आधी वजन, व्यास आणि धातू वहीत उतरवायचा आणि मगच चित्राकडे पाहायचे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा फारसा महाग नसतो आणि पुष्कळ दंतकथा त्यावरच मोडतात.

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांपैकी छित्तराजाची चांदीची नाणी गधैया पद्धतीची आहेत. नवशिक्यांना त्यांवर नुसते ठिपके आणि रेघा दिसतात, आणि ते नाणे उलटे धरून त्यात मासा किंवा नांगर शोधतात. मूळ नमुना इराणच्या ससानी राजांच्या नाण्याचा होता. एका बाजूला उजवीकडे पाहणारा मुकुटधारी राजा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि दोन्ही बाजूंना उभे सेवक. शतकानुशतके नकलेची नक्कल होत गेली, नाक एक रेघ झाले आणि वेदी ठिपक्यांची उतरंड झाली. मूळ ससानी नाण्याचे चित्र शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय गधैया समजत नाही, आणि तसे पाहिले की त्याच्याइतके बोलके नाणे दुसरे नाही.

तागडीच्या चित्राचे तांब्याचे नाणे कोणा व्यापाऱ्याचे वजन समजून बाजूला टाकले जाते. ते मुंबई इलाख्याचे कंपनीचे नाणे असते. तागडीच्या पारड्यांमध्ये फारसी अक्षरांत ‘अदल’ म्हणजे न्याय असे लिहिलेले असते, आणि १७९१ व १७९४ ची नाणी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे यंत्रावर पाडून जहाजाने मुंबईला आणली होती. म्हणूनच ती हातोडीने पाडलेल्या शिवराईपेक्षा इतकी नेटकी गोल दिसतात, आणि हा नेटकेपणा पाहून त्यांना बनावट ठरवणारे महाभागही मला भेटले आहेत.

पुतळ्यांच्या, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांच्या, माळेत कधी कधी खरे व्हेनिसचे सोन्याचे डुकाट असते. त्यावरची गुडघे टेकलेली आकृती तिथल्या डोजची, म्हणजे राज्यप्रमुखाची, आणि त्याला ध्वज देणारा संत मार्क आहे. मागे ताऱ्यांच्या लंबवर्तुळात ख्रिस्त उभा आहे. राम-सीता किंवा राजा-राणी असे त्याचे वर्णन ऐकण्याची सवय झाली आहे. अक्षरे अर्थहीन आणि चेहरे ओबडधोबड असतील तर ती येथेच केलेली नक्कल असते, पण ती नक्कलही जपण्याजोगी आहे, त्यामुळे माळ मोडायला सोनाराकडे नेण्यापूर्वी प्रत्येक पुतळी भिंगातून पाहावी.

दुमडलेली, शिक्का मारलेली चांदीची तार सापडली तर ती सरळ करू नये. ती लारी आहे. विजापूरचा सुलतान अली आदिलशहा दुसरा याने अशा लाऱ्या पाडल्या आणि त्यांचे नाते दाभोळशी जोडले जाते. वाकवताना ती तुटते.

१९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, म्हणून ते नाणे मागे घेतले गेले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला गेला. १९१२ नंतरच्या रुपयांतही डुक्कर पाहणाऱ्यांनी चष्मा तपासून घ्यावा.

सन आणि चुंबक

नाण्यावरच्या हिजरी सनावरून इसवी सन काढताना त्यात सरळ ६२२ मिळवू नये, कारण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. सनाला ०.९७ ने गुणून मग ६२२ मिळवावेत. १२१५ मध्ये नुसते ६२२ मिळवले तर १८३७ येते, प्रत्यक्षात ते वर्ष १८००-०१ चे आहे. शिवाय नाण्यावरचे वर्ष आणि टांकसाळीचे नाव यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. शाह आलमच्या नावाचे, राज्यवर्ष ४६ आणि टांकसाळ सुरत असे लिहिलेले रुपये तो बादशहा वारल्यावरही मुंबईत पाडले जात होते.

चुंबकाला चिकटते म्हणजे खोटे, हाही अर्धवट नियम आहे. चांदी आणि तांबे चिकटत नाहीत हे खरे, पण १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा असल्यामुळे चिकटतो, आणि तो अस्सल आहे.

सापडल्याची जागा

नाणे कुठे आणि कशासोबत मिळाले हे न लिहिणे ही चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून ती सर्रास होते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा अवशेषांसोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. ते त्या जागी मिळाले म्हणूनच त्या ठेवीच्या काळाबद्दल बोलता आले. तेच नाणे एखाद्या थैलीतून आले असते तर केवळ एक चांगले नाणे ठरले असते. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर बसलेले डोंगराचे चिन्ह कोणाचा पराभव झाला ते सांगते, पण तो किती सर्वंकष होता हे कळते ते अख्खा साठा एकत्र राहिल्यामुळे. आपल्याकडे साठा मिळाला की भावांमध्ये वाटला जातो, आणि मग उरतात सुटी नाणी.

शिवाय जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या बांधकामात दडवलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी ठेव सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. जुने घर उतरवताना भिंतीतून मडके निघाले तर तेही यातच येते, आणि कामगारांना गप्प राहायला सांगणे हा त्यावरचा उपाय नाही.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरते आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. गणपतीला आखातातून आलेल्या भाच्याला परतताना आठवण म्हणून आजीच्या पेटीतली शिवराई देण्याची पद्धत किनाऱ्यावर बरीच रूढ झाली आहे. त्याला १९४७ चा निकेलचा रुपया द्यावा.