परसबागेतला अडचणीचा खळगा कसा सुधारावा

परसातला खोलगट भाग बहुतेकदा अर्धवट असतो. धड सपाट नाही, धड खोल नाही. खुर्ची ठेवली तर कलते, गवत कापायचे यंत्र अडते, पावसात चिखल होतो आणि उन्हात तीच माती तडकते. अशा जागेवर माती ओतून ती सपाट करावी असे पहिल्यांदा सुचते. पण खळगा मुळात का झाला आणि त्यात पाणी कुठून येते हे कळेपर्यंत एकही घमेले माती टाकू नका. बऱ्याच ठिकाणी उलट करणे सोपे पडते: खळगा थोडा आणखी खणायचा, काठ नीट बांधायचा आणि खोली मुद्दाम ठेवली आहे असे दिसू द्यायचे. खोदकामाचा मोठा भाग जमिनीने आधीच करून ठेवलेला असतो.

आधी कारण शोधा

तोडलेल्या झाडाचे खोड जमिनीखाली कुजले की वरची माती हळूहळू बसते. बांधकामाच्या वेळी घाईने भरलेला खड्डाही काही वर्षांनी खचतो. ही कारणे निरुपद्रवी आहेत. पण खळगा गोल असेल, अचानक खोल होत असेल किंवा पहार आपटल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर खाली जुनी शौचटाकी, बुजवलेली विहीर किंवा फुटलेला पाइप असू शकतो. तिथे पाय न ठेवता आधी जाणकाराकडून तपासणी करून घ्या. कोरड्या दिवसांतही तळ ओला राहत असेल तर पाण्याचे सगळे नळ बंद करून मीटर पाहा. काटा फिरत असेल तर गळती आहे.

जमीन अजून खचते आहे का, हे कळायला खळग्याच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोका, त्यांत दोरी ताणा आणि दोरीपासून तळापर्यंतचे अंतर लिहून ठेवा. एक पावसाळा गेल्यावर पुन्हा मोजा. अंतर वाढले असेल तर पक्के बांधकाम करू नका.

दोरी समपातळीत हवी. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब पुरते. नळीत पाणी भरून हवेचे बुडबुडे काढा, दोन टोके दोन खुंट्यांशी धरा आणि पाणी जिथे स्थिरावेल तिथे खूण करा. दोन्ही खुणा एकाच पातळीवर असतात. नळीत एक बुडबुडा राहिला तरी माप चुकते, म्हणून टोके अदलाबदल करून एकदा पडताळा घ्या.

निचऱ्याची चाचणी

पुढचा सगळा निर्णय या एका चाचणीवर उभा आहे, म्हणून ती टाळू नका. खळग्याच्या सर्वांत खालच्या जागी 30 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल खड्डा घ्या. फावड्याने खणताना चिकण मातीच्या बाजू गुळगुळीत होतात आणि त्यातून पाणी झिरपत नाही, म्हणून बाजू खुरप्याने खरवडा. खड्डा पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा, मधोमध पट्टी उभी करा आणि दर तासाला पाणी किती उतरले ते लिहा. पहिल्या भरण्याचा आकडा धरू नका, कारण कोरडी माती सुरुवातीला जास्त पाणी पिते.

तासाला 2.5 सेंमी किंवा जास्त उतरले तर निचरा उत्तम. 1 सेंमीच्या आसपास असेल तर पर्जन्यबाग, म्हणजे पावसाचे पाणी काही तास थांबवून जिरवणारी बाग, जमेल. अर्ध्या सेंमीपेक्षा कमी असेल तर पाणी बाहेर नेण्याची वाट करावी लागेल. चार-पाच तासांत काहीच हलले नाही तर खाली घट्ट चिकण थर किंवा कातळ आहे, नाहीतर भूजल वर आलेले आहे.

आता जोराच्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा. पाणी छपराच्या पाइपातून येते, शेजारच्या उंच जागेवरून येते की फरसबंदीवरून वाहत येते, हे पाच मिनिटांत कळते. उन्हात बसून ते कधीच नीट कळत नाही.

पहिला पर्याय: पर्जन्यबाग

पाणी आपणहून जिथे जमते तिथे ते काही तास थांबवून जमिनीत जिरवायचे, एवढीच यातली कल्पना. तळे करायचे नाही; 24 तासांत, फार तर 48 तासांत जागा कोरडी व्हायला हवी. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, त्यामुळे एवढ्या वेळात जिरणाऱ्या पाण्यात डास तयार होत नाहीत.

घराच्या पायापासून किमान 3 मीटर अंतर ठेवा. शौचटाकीच्या निचऱ्याच्या जागेवर ही बाग करू नका.

खोली किती ठेवायची हे चाचणीच्या आकड्यावरून ठरते. तासाला 1 सेंमी उतरत असेल तर 20 सेंमी पाणी 20 तासांत जिरेल, म्हणून 20 सेंमी चालेल. अर्धा सेंमी उतरत असेल तर 10 ते 12 सेंमीवर थांबा आणि जागा रुंद करा. आकाराचा हिशेब सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 40 चौरस मीटर छपरावर 25 मिमी पाऊस पडला की 1000 लिटर पाणी येते. 4 मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि 10 सेंमी खोल जागेत ते सगळे मावते.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी वरची 15 सेंमी सुपीक माती काढून बाजूला रचा. मग तळ खणून सपाट करा. बशीसारखा गोल तळ ठेवला तर सगळे पाणी मध्ये गोळा होते आणि तेवढाच भाग गुदमरतो. खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला बांध म्हणून घाला. 10 सेंमी खणले आणि 10 सेंमीचा बांध घातला की बांधाच्या माथ्यापर्यंत 20 सेंमी खोली मिळते, शिवाय माती बाहेर टाकायचा खर्च वाचतो. बांध 10 सेंमीच्या थरांनी धुम्मसून बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात तो फुटतो.

बांधात सांडवा हवाच. बांधाच्या माथ्यापेक्षा 5 ते 7 सेंमी खाली, 40 ते 50 सेंमी रुंद जागा मोकळी ठेवा आणि तिथे मुठीएवढे दगड घट्ट बसवा. जास्तीचे पाणी इथून जाणार, म्हणून त्याचे तोंड घराकडे किंवा शेजाऱ्याच्या भिंतीकडे नको. पाणी आत येते तिथेही 60 सेंमी लांब दगडांची चटई करा, म्हणजे धार माती उकरणार नाही.

मातीत 5 ते 8 सेंमी जाडीचा कंपोस्टचा थर 20 सेंमी खोलीपर्यंत मिसळा. चिकण मातीत थोडी वाळू घातली की ती मोकळी होते असे अनेकांना वाटते, पण थोड्या वाळूने ती आणखी घट्ट होते. वाळू वापरायचीच असेल तर मिश्रणात निम्म्याहून जास्त लागते. तळाशी खडीचा थर घातल्याने निचरा वाढतो, हाही गैरसमज आहे. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते.

झाडे तीन पट्ट्यांत लावा. तळाला पाण्यात उभी राहणारी आणि कोरडेपणाही सोसणारी: कर्दळ, वाळा. जागा सहसा ओलसर राहत असेल तर वेखंड आणि अळूही चालते. उतारावर गवताचे ठोंब आणि माती धरून ठेवणाऱ्या जाती. काठावर तुमच्या बागेत एरवी येते ते काहीही. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे लक्षात ठेवा की थंड हवा जड असते आणि खळग्यात साठते. नाजूक झाडे काठावरच बरी. आच्छादनाला सालींचे हलके तुकडे नकोत, पाण्यावर तरंगून ते सांडव्यात अडकतात. लांब तंतूंचा लाकडी भुसा किंवा बारीक खडी जागेवर राहते.

दुसरा पर्याय: खाली उतरून बसायची जागा

निचरा चांगला असेल किंवा पाणी बाहेर नेता येत असेल, तर या खळग्याचे सर्वांत सुंदर रूप हेच. खाली बसले की वारा डोक्यावरून जातो, काठावरची झाडे डोळ्यांच्या पातळीला येतात आणि छोट्या बागेतही आडोसा मिळतो.

खोली 45 सेंमी ठेवा. बाकाची सोयीची उंचीही तेवढीच असते, म्हणून काठाची भिंत हीच बैठक होते. वेगळे बाक लागत नाहीत. 3 मीटर व्यासाच्या गोलात सहा-सात माणसे ऐसपैस बसतात. उतरायला 15 सेंमी उंचीचे तीन टप्पे, म्हणजे मध्ये दोन पायऱ्या. प्रत्येक 35 सेंमी रुंद. त्यांच्यासाठी 70 सेंमी जागा आधीच आखून घ्या, भिंत बांधून झाल्यावर ती सापडत नाही. पायऱ्यांच्या कडेला फिकट रंगाचा दगड लावला तर अंधारात पाय चुकत नाही.

पाण्याची वाट बांधकामाच्या आधी ठरवा. फरशीला दर मीटरला दीड सेंमी उतार एका बाजूला द्या. त्या बाजूला चर घेऊन 100 मिमीचा छिद्रांचा पाइप घाला, भोवती 20 मिमी खडी आणि त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) गुंडाळा. पाइपाला दर मीटरला 1 सेंमी उतार हवा. हिशेब करून बघा: तळ 45 सेंमी खाली, पाइप त्याच्या 20 सेंमी खाली आणि 10 मीटरच्या अंतराला आणखी 10 सेंमी. म्हणजे दुसरे टोक काठापेक्षा 75 सेंमी खाली निघणार. बागेत तेवढी खोल जागा नसेल तर पाइप बाहेर उघडणारच नाही. मग शोषखड्डा लागेल, आणि तो निचऱ्याच्या जमिनीतच चालतो. चिकण मातीत, खालची वाट नसताना अशी बैठक बांधू नका. ती पहिल्या पावसात हौद होते आणि मग पंप लावून उपसत बसावे लागते.

भिंत सिमेंटशिवाय, कोरड्या दगडांचा गडगा म्हणून रचता येते. 15 सेंमी खोल चर खणून त्यात खडी धुम्मसा. पहिला थर अर्धा जमिनीत ठेवा. वरच्या थराचा दगड खालच्या सांध्यावर येऊ द्या आणि दर दीड-दोन मीटरला एक लांब दगड मातीत आत घुसवा. भिंत मातीकडे झुकती हवी: 45 सेंमी उंचीला सुमारे 6 सेंमी. मागे 15 ते 20 सेंमी खडी भरा आणि खडी व माती यांच्यामध्ये कापड घाला. भिंती पडतात त्या बहुधा मागे अडलेल्या पाण्याच्या दाबाने. वरचे दगड 5 सेंमी जाड, 35 ते 40 सेंमी खोल घ्या आणि फक्त तेवढेच चुन्यात किंवा सिमेंटात बसवा, कारण माणसे त्यावर बसणार आहेत. 1 मीटरपेक्षा उंच भिंत असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय हात घालू नका.

तळ 3 मीटर व्यासाचा असेल तर क्षेत्र 7 चौरस मीटर होते. धुम्मसलेली 10 सेंमी खडी हवी, म्हणजे 0.7 घनमीटर; पण ठोकल्यावर ती दबते, म्हणून 0.9 घनमीटर मागवा. त्यावर 3 सेंमी वाळू, म्हणजे 0.2 घनमीटर, आणि मग फरशी. खडी दोन थरांत ठोका. एकदम 10 सेंमी ठोकली तर वरचा भाग घट्ट आणि खालचा मोकळा राहतो.

भरायचेच असेल तर

खळगा 15 सेंमीपेक्षा उथळ असेल, बाहेरून पाणी येत नसेल आणि तिथे हिरवळ हवी असेल, तर भराव रास्त आहे. 2-3 सेंमीचा खोलगटपणा असेल तर दर वेळी 1 ते दीड सेंमी चाळलेली माती गवतावर पसरा. गवत त्यातून वर येते. जास्त खोल असेल तर गवताचे चौकोन कापून उचला, माती भरा आणि चौकोन परत बसवा.

याहून मोठा खळगा भरावाच लागला तर आधी वरची सुपीक माती काढा, भराव 15 सेंमीच्या थरांत धुम्मसा आणि सुपीक माती शेवटी पसरा. तिची उंची 10 टक्के जास्त ठेवा, ती बसणार आहे. 4 बाय 3 मीटर आणि सरासरी 50 सेंमी खोल खळग्याला 6 घनमीटर, म्हणजे 2 ब्रासपेक्षा थोडी जास्त माती लागते. सैल माती ठोकल्यावर दबते, म्हणून पाव हिस्सा वाढवून मागवा. फांद्या, पालापाचोळा, फळ्या आत पुरू नका. त्या कुजल्या की खळगा परत येतो.

मोठ्या झाडाजवळ भराव टाकू नका. झाडाची अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या 30 सेंमीतच असतात आणि त्यांना हवा लागते. वर 20-30 सेंमी माती पडली की झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांत शेंडे वाळू लागतात, तोवर कारण विसरलेले असते. अशा ठिकाणी तळाला हात न लावता सावलीत वाढणारे नेचे लावावेत.

आणि भरावाने पाणी नाहीसे होत नाही. जे खळग्यात थांबत होते ते आता घराच्या पायाकडे जाईल का, हे दोरी लावून आधी बघा.

तळ्याचा मोह

खोलगट जागा दिसली की तळे सुचते. प्लास्टिक अस्तराच्या तळ्याला मात्र ही जागा सहसा वाईट असते. भोवतालचा गाळ आणि खतमिश्रित पाणी आत वाहून येते, शेवाळ माजते, आणि पावसाळ्यात भूजल चढले की अस्तर खालून फुग्यासारखे वर येते. तरीही हवे असेल तर काठ जमिनीपेक्षा 10 सेंमी उंच करून पाणी बाहेरून वळवा. घरात लहान मूल असेल तर काही सेंमी पाणीही धोक्याचे आहे. तळे पुढे ढकला.

पहिल्या मोठ्या पावसानंतर

पाऊस थांबला की पाण्याच्या कडेला खुंटी ठोका आणि 24 तासांनी परत जा. पाणी तसेच असेल तर तळावर गाळाचा पातळ थर बसला आहे का पाहा. तो खरवडून काढला की बहुधा निचरा सुरू होतो. तरी पाणी हलले नाही तर माती वाफशावर येईपर्यंत, म्हणजे जास्तीची ओल उतरेपर्यंत, थांबा आणि मग पहारेने 30 सेंमी खोल, दर 30 सेंमीवर भोके पाडून त्यांत कंपोस्ट भरा. ओल्या चिकण मातीवर चालू नका, पायाखाली ती विटेसारखी दाबली जाते. सांडव्याचे दगड सरकले असतील तर लगेच बसवा. बांधाला भेग दिसली तर वरून माती न टाकता तो भाग उकरा आणि पुन्हा थराथराने धुम्मसा.