९९ टक्के अचूकता आली? मशीन लर्निंगच्या संशोधनात या चुका टाळा

संगणकशास्त्रात एम.टेक. किंवा पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याची अचूकता साठ-पासष्ट टक्क्यांवर अडकली की तो कोड पुन्हा पुन्हा तपासतो, मित्रांना विचारतो, गाइडकडे जातो. तीच अचूकता ९९ टक्के आली की मात्र कोणी काही तपासत नाही. तक्ता तयार होतो आणि शोधनिबंध पाठवून दिला जातो. खरा धोका या दुसऱ्या प्रसंगी असतो, कारण मशीन लर्निंगमधील नेहमीच्या चुकांनी आकडा घसरत नाही, उलट वाढतो, आणि प्रोग्रामही कोठे अडखळत नाही. यांतील बहुतेक चुका मॉडेलमध्ये नसतात. मॉडेल चालवण्याच्या आधीच, डेटाची प्रशिक्षण आणि चाचणी अशी विभागणी करताना त्या घडून गेलेल्या असतात.

डेटा आधी वाढवला, नंतर विभागला

क्रेडिट कार्डांवरील फसवणूक ओळखणे हा पदव्युत्तर प्रकल्पांचा ठरलेला विषय आहे आणि त्यासाठी बहुधा एकच संच वापरला जातो: सप्टेंबर २०१३ मध्ये युरोपीय कार्डधारकांनी दोन दिवसांत केलेले २,८४,८०७ व्यवहार, ज्यांत फसवे केवळ ४९२ आहेत. ‘सगळे व्यवहार खरे’ एवढेच उत्तर देणाऱ्या प्रोग्रामलाही येथे ९९.८३ टक्के अचूकता मिळते. ही अडचण बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ते स्मोट वापरतात. २००२ मध्ये मांडलेली ही पद्धत कमी संख्येच्या वर्गातील एक नमुना आणि त्याचा एखादा जवळचा शेजारी निवडते आणि त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर एक नवा, कृत्रिम नमुना तयार करते.

चूक क्रमात होते. संपूर्ण संचावर स्मोट चालवून मग ऐंशी-वीस अशी विभागणी केली, तर ४९२ खऱ्या नमुन्यांपासून तयार झालेले पावणेतीन लाखांहून अधिक कृत्रिम नमुने दोन्हीकडे विखुरतात, आणि चाचणीतील जवळपास प्रत्येक फसव्या व्यवहाराच्या अगदी लगतचा नमुना मॉडेलने प्रशिक्षणात आधीच पाहिलेला असतो. परीक्षेआधी पेपर फुटावा, तसाच हा प्रकार आहे.

दुसरे नुकसान याहून कमी लक्षात येते. समजा, मूळ प्रमाण राखलेल्या चाचणी संचात सुमारे ५६,९०० खरे आणि ९८ फसवे व्यवहार आहेत. मॉडेलने त्यांतील ९० फसवे पकडले आणि खऱ्यांपैकी एक टक्का, म्हणजे ५६९ व्यवहार, चुकून फसवे ठरवले, तर त्याच्या दर शंभर इशाऱ्यांपैकी जेमतेम १४ खरे निघतात. हेच मॉडेल, पकडण्याचे आणि चुकण्याचे प्रमाण तेच ठेवून, स्मोटने निम्मे-निम्मे केलेल्या चाचणी संचावर चालवले, तर हा आकडा ९९च्या घरात जातो. बँकेला मात्र रोज पहिल्याच परिस्थितीला तोंड द्यायचे असते.

म्हणून विभागणी सर्वांत आधी करावी, चाचणी संच बाजूला ठेवावा आणि स्मोट केवळ प्रशिक्षणाच्या भागावर चालवावे. क्रॉस-व्हॅलिडेशन (दर फेरीत डेटाचा वेगळा भाग चाचणीसाठी ठेवणे) असेल, तर ही पायरी प्रत्येक फेरीच्या आत यायला हवी. सायकिट-लर्न या पायथॉन लायब्ररीची नेहमीची पाइपलाइन, म्हणजे पायऱ्यांची साखळी, अशी पायरी स्वीकारत नाही. इम्बॅलन्स्ड-लर्न या लायब्ररीची पाइपलाइन स्वीकारते आणि चाचणीच्या वेळी ती आपोआप वगळते. स्केलिंग (आकडे एका मापात आणणे), रिकाम्या जागा सरासरीने भरणे आणि विशेषतः फीचर निवड (डेटातील उपयोगी गुणधर्म निवडणे) यांनाही हाच नियम लागू आहे.

एकच माणूस, एकच शेत दोन्हीकडे

ओळींची यादृच्छिक विभागणी केली म्हणजे प्रशिक्षण आणि चाचणी वेगळी झाली, असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील चेक्सनेट या २०१७ च्या बहुचर्चित कामात छातीच्या एक्स-रेंचा जो संच वापरला होता, त्यात १,१२,१२० चित्रे असली, तरी रुग्ण ३०,८०५च होते. शोधनिबंधाच्या पहिल्या आवृत्तीत चित्रे यादृच्छिक विभागल्यामुळे एकाच रुग्णाची चित्रे दोन्ही बाजूंना गेली होती. हे निदर्शनास आणून दिल्यावर संशोधकांनी रुग्णानुसार विभागणी केली आणि सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. देवनागरी हस्ताक्षर ओळखण्याच्या प्रकल्पातही महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याकडून पन्नास-पन्नास अक्षरे लिहून घेतली असतील, तर विभागणी अक्षरांची नव्हे, लिहिणाऱ्यांची व्हायला हवी. सायकिट-लर्नमधील ग्रुप के-फोल्ड यासाठीच आहे.

पानांवरील रोग ओळखण्याच्या प्रकल्पांचे दुखणे थोडे वेगळे आहे. टोमॅटोपासून द्राक्षापर्यंत अनेक पिकांसाठी आपल्याकडे प्लांटव्हिलेज हाच संच घेतला जातो. त्यातील १४ पिकांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर २०१६ मधील एका अभ्यासाने ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. पण त्याच संशोधकांनी वेगळ्या परिस्थितीत घेतलेली छायाचित्रे मॉडेलला दिली, तेव्हा अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. संचातील पाने तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली होती, शेतातली नव्हती. या अभ्यासाचा पहिला आकडा सगळे उद्धृत करतात, दुसरा क्वचितच कोणी. नाशिकच्या द्राक्षबागेत उपयोगी पडेल असे मॉडेल केल्याचा दावा करायचा असेल, तर चाचणीची छायाचित्रे बागेतूनच, आणि शक्यतो प्रशिक्षणात न आलेल्या बागेतून, आणावी लागतील.

जुना संच, फुगलेला आकडा

नेटवर्कवरील घुसखोरी ओळखण्यासाठी केडीडी ९९ हा संच अजूनही वापरला जातो. २००९ मध्ये त्याची छाननी झाली, तेव्हा प्रशिक्षण संचातील सुमारे ७८ टक्के आणि चाचणी संचातील सुमारे ७५ टक्के नोंदी पुनरावृत्त असल्याचे आढळले. त्याच्या दहा टक्के आवृत्तीत ४,९४,०२१ नोंदी आहेत आणि त्यांतील २,८०,७९० एकट्या स्मर्फ हल्ल्याच्या आहेत. ही एकच फाइल घेऊन तिचेच प्रशिक्षण आणि चाचणी असे दोन भाग केले की ९९.९ टक्के येणारच. पुनरावृत्ती काढून तयार केलेल्या एनएसएल-केडीडी संचाच्या ठरलेल्या चाचणी फाइलवर त्याच छाननीत तपासलेल्या पद्धतींपैकी सर्वोत्तम पद्धतही ८२ टक्क्यांच्या आसपास थांबली, कारण त्या फाइलमध्ये प्रशिक्षणात न आलेले हल्लेही आहेत. तेव्हा दुसऱ्याच्या निबंधातील आकडा आपल्या तक्त्यात उतरवण्याआधी त्याने कोणती फाइल, कशी विभागली, हे पाहावे. ते कळत नसेल, तर ती पद्धत स्वतः चालवून पाहण्याला पर्याय नाही.

प्रबंधातील मजकूर इतरांशी दहा टक्क्यांहून अधिक जुळू नये, म्हणून विद्यार्थी रात्र रात्र वाक्ये फिरवत बसतात, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत ती मर्यादा आहे. प्रशिक्षण आणि चाचणी यांतील किती ओळी एकमेकींशी जुळतात, हे पाहायला पांडाज या पायथॉन लायब्ररीत कोडच्या दोन ओळी पुरतात. त्या लिहिण्याचे मात्र राहून जाते.

गळती आहे का, हे कसे ओळखावे

चाचणीतील माहिती प्रशिक्षणात झिरपणे म्हणजे गळती. ती ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे लेबले, म्हणजे प्रत्येक नमुन्याची दिलेली उत्तरे, विस्कटून पाहणे. मूळ संचातील लेबलांचा क्रम यादृच्छिक बदलावा आणि मग फीचर निवडीपासून अंतिम मूल्यमापनापर्यंतची सर्व प्रक्रिया पहिल्यापासून चालवावी. आता डेटात शिकण्यासारखे काहीच उरलेले नसल्याने दोन समान वर्गांसाठी उत्तर पन्नास टक्क्यांच्या आसपास यायला हवे. ते सत्तर-ऐंशी आले, तर गळती आहेच. पायऱ्या एकेक करून विभागणीच्या आत नेत गेल्यास दोषी पायरी सापडते. उत्तर पन्नास आले, तरी सगळेच ठीक आहे असे समजू नये. लेबले ओळीगणिक विस्कटली असतील, तर एकाच रुग्णाची चित्रे दोन्हीकडे असण्याचा दोष या कसोटीत दिसत नाही.

दशांशातील आघाडी

‘आधीची पद्धत ९८.१, आमची ९८.३’ अशी तुलना असेल आणि चाचणीत हजार नमुने असतील, तर फरक दोन नमुन्यांचा आहे. हजार नमुन्यांवर ९८ टक्के अचूकता मोजली, की ९५ टक्के विश्वासपातळीवर तिच्यातच सुमारे ०.९ टक्क्याची अनिश्चितता दोन्ही बाजूंना असते. वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक निवडी ठरवणारा आरंभीचा आकडा) प्रयोग चालवून सरासरी आणि प्रमाण विचलन द्यावे. दोन्ही पद्धती त्याच नमुन्यांवर तपासल्या असतील, तर त्यांच्या चुकांतील फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे पाहणारी मॅकनेमार चाचणी करावी. सर्वांत चांगला आलेला सीड निवडून तेवढाच छापणे ही चूक नव्हे, लबाडी आहे.

वेळ मोजताना, आणि दुसऱ्या संगणकावर

‘आमची पद्धत तिप्पट वेगवान’ असे लिहिण्याआधी जीपीयूवरील (ग्राफिक्स प्रोसेसरवरील) मोजणी तपासावी. पायटॉर्च या लायब्ररीत जीपीयूला काम सोपवून प्रोग्राम पुढे जातो, त्यामुळे घड्याळ थांबवण्यापूर्वी सिंक्रोनाइझ केले नाही, म्हणजे जीपीयूचे काम संपेपर्यंत थांबले नाही, तर मोजली जाते ती काम सोपवण्याची वेळ. पहिल्या काही फेऱ्या सोडून द्याव्यात. सीपीयूवरही सगळे सरळ नसते: केवळ एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सचा आकार किंवा फाइली लिंक करण्याचा क्रम बदलल्याने प्रोग्रामचा वेग बदलतो, हे २००९ मध्येच प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

प्रयोगशाळेतल्या संगणकावर आलेला निकाल घरच्या लॅपटॉपवर येत नसेल, तर सीड निश्चित केल्यावरही दोन जागा पाहायच्या राहतात. फोल्डरमधील फाइलींची यादी पायथॉन कोणत्याही ठरलेल्या क्रमाने देत नाही, म्हणून ती क्रमवार लावूनच पुढे जावे. तसेच शब्दांच्या सेटमधील क्रम प्रत्येक वेळी बदलू शकतो. विभागणी एकदा केली की कोणत्या नोंदी कोणत्या बाजूला गेल्या, त्यांची यादी फाइलमध्ये जतन करून कोडसोबतच ठेवावी. व्हायवाला परीक्षकांनी विचारलेच, तर तीच फाइल उघडून दाखवता येते.