रोजच्या जेवणाला सिरॅमिक प्लेट्स घेताय? आधी पालथ्या करून बघा

ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा गोखले रोडला प्लेट्स घ्यायला गेलात तर डिझाइन नंतर बघा, आधी प्लेट उलटी करा. खालच्या गोल कडेला ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसतं, तिथे पाण्याचा थेंब टाकून मिनिटभर थांबा, थेंब शोषला गेला तर ती प्लेट रोजच्या वापराला घेऊच नका. स्टोनवेअर आणि अर्थनवेअर हे सिरॅमिकचेच प्रकार, चांगलं स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० डिग्रीला भाजतात म्हणून ते घट्ट होतं, पाणी पीत नाही, अर्थनवेअर कमी तापमानाचं, दिसायला फार गोड पण टवके लवकर उडतात. मग टिचकी मारा, आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला तर कुठेतरी बारीक तडा असू शकतो. कड जराशी जाड, गोलसर बघा, आमच्याकडे सिंकच्या नळाला आपटून पातळ कडावाल्याच गेल्या. सोनेरी पट्टी नको, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. ग्लेझ लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेलं, आहे का हे मात्र विचाराच, आंबटात शिसं उतरू शकतं आणि आपलं आमसुलाचं सार, सोलकढी, लोणचं सगळं आंबट त्यातच वाढणार ना! आणि अख्खा सेट कशाला, सुटे मिळणारे साधे पांढरे पीस घ्या, एक फुटला तर जोडीला दुसरा मिळतो.