प्रोजेक्टचं फॅशन शूट : त्याच त्या चुका आता तरी टाळा

मेकअपच्या कोर्सचं फोटो-प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की आमच्या स्टुडिओत पोरापोरींची ये-जा वाढते. हातात पेनड्राइव्ह आणि तोंडी एकच प्रश्न, "ताई, हे फोटोशॉपमध्ये नीट होईल ना?" बहुतेक वेळा होत नाही. कॅमेरा पिशवीतून बाहेर यायच्या आधीच जे बिघडलं, ते संगणकावर कसं सुधरणार?

दरवर्षी पोरं नवी असतात, चुका मात्र जुन्याच. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. सगळ्या चुकांना सारखी जागा देणार नाही. काही एका ओळीच्या लायकीच्या आहेत, आणि काहींनी माझं डोकं खाल्लंय.

गोरं करायचा हट्ट, आणि वर फ्लॅश

मॉडेल म्हणजे बहुतेक वेळा वर्गातलीच मैत्रीण. तिचा रंग गव्हाळ नाहीतर सावळा, आणि तोंडाला फाउंडेशन दोन शेड उजळ. का, तर "फोटोत छान दिसतं." नाही दिसत. चेहरा एकीचा आणि मान दुसरीची वाटते. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातून 'फेअर' काढून टाकलं, पण आपल्या मेकअपच्या पेटीतून ते अजून हललेलं नाही. शेड मनगटावर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला लावा, खिडकीशी दिवसाच्या उजेडात या आणि दहा मिनिटं थांबा. काही फाउंडेशनं हवा लागली की गडद होतात, आणि ते बाटली उघडल्या उघडल्या कळत नाही. दहा मिनिटं थांबायचं म्हटलं की पोरांच्या जिवावर येतं, हेही मला माहीत आहे.

आता या उजळ बेसखाली एसपीएफ ५० सनस्क्रीन असतं आणि वर 'एचडी' म्हणून विकतात ती पांढरी पावडर. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायॉक्साइड, पावडरीतली सिलिका, ही सगळी मंडळी फ्लॅशचा उजेड सरळ लेन्सकडे परत फेकतात. ट्यूबलाइटखाली आरशात चेहरा मखमली दिसतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडला की डोळ्यांखाली आणि नाकावर पांढरे पट्टे उमटतात. संध्याकाळी जळगावच्या मेहरूण तलावावर काढलेले असे फोटो घेऊन एक ग्रुप आला होता आणि म्हणत होता, फ्लॅश खराब आहे. फ्लॅश ठणठणीत होता. नवरीचा लुक केलेली ती पोर सगळ्या फोटोंत पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखी दिसत होती, आणि शूट संपेपर्यंत एकानेही कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला नव्हता.

माझी सवय साधी आहे. बेस झाला की मॉडेलला अंधाऱ्या कोपऱ्यात उभं करायचं आणि फोनचा फ्लॅश लावून एक फोटो काढायचा. पांढरं दिसलं तर तिथंच पुसायचं आणि परत बेस करायचा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला नेला आणि अंब्रेलातून, म्हणजे फोटोच्या छत्रीतून टाकला तरी त्रास पुष्कळ कमी होतो. आणि हो, उन्हातल्या शूटला सनस्क्रीन हवंच. फ्लॅशच्या शूटला तेवढं टाळा.

केळीची बाग

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, कारण कल्पना चांगली असते आणि पोरं ती वाया घालवतात.

जळगावातली निम्मी प्रोजेक्टं तलावाच्या काठावर, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर होतात. एका ग्रुपला वेगळं सुचलं, चोपड्याकडच्या एका केळीच्या बागेत गाऊन घालून शूट करायचं. मला कल्पना आवडली होती. आपल्याकडची केळी देशभर जाते, आणि आपल्याच पोरांच्या फॅशन शूटमध्ये तिचं एक पान दिसत नाही. मी तिथं नव्हते, पण फोटो आणि गाऊन दोन्ही नंतर माझ्यासमोर आले.

सकाळी सातला बागेत पोचायचं ठरलं होतं. मेकअप घरी, खोलीत केला. नकली पापण्या चिकटेनात म्हणून वेळ गेला आणि बागेत पोचायला अकरा वाजले. एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा बाहेर उभं राहवेना म्हणून सगळे आत, दाट झाडीत शिरले. तिथं सावली असते, पण ती हिरवी असते. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा, आजूबाजूच्या पानांवरून परत येणारा उजेडही हिरवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सोय, ऑटोवर. गालावरचा ब्लश मातकट झाला, लिपस्टिक तपकिरी दिसायला लागली, आणि गळ्याखाली तर कावीळ झाल्यागत रंग. घरी येऊन त्यांनी त्वचेतला हिरवा काढला, तर मागची पानं राखाडी झाली. ज्या बागेसाठी एवढं अंतर कापलं ती बागच फोटोतून गेली.

वर आणखी एक. कुणीतरी हौसेनं पान मोडून मॉडेलच्या हातात दिलं आणि देठातला चीक मोतिया रंगाच्या भाड्याच्या गाऊनवर टपटपला. पाण्यानं पुसलं, मग ओल्या टिश्यूनं घासलं. बागेचे आबा लांबून बघत होते. ते म्हणाले, "पोरी, केयना चीक शे तो. निंघाव नई आते." आणि नाहीच निघाला. ताजा असताना तो पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळपट तपकिरी होऊन बसतो. शेतकऱ्याचा बागेतला सदरा वेगळा का असतो, हे खान्देशातल्या पोरांना मी सांगायचं म्हणजे कमाल आहे. दुकानदारानं डिपॉझिट ठेवून घेतलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

बागेत शूट करायचंच असेल तर मॉडेलला बांधावर उभं करा. चेहरा उघड्या आकाशाकडे आणि बाग तिच्या मागे. आत जायचंच असेल तर थर्माकोलचा पांढरा बोर्ड चेहऱ्याजवळ धरा आणि दुसऱ्या बाजूला काळी चादर, म्हणजे पानांवरचा हिरवा उजेड अडतो. आधी एक फोटो पांढरा कागद हातात धरून काढा. नंतर रंग जुळवायला तेवढा पुरतो. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाईलमध्ये काढा. आणि पानं मोडू नका, ती आबांची आहेत.

दुपारचं ऊन

जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटी दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा भुवईची सावली थेट डोळ्यात पडते. म्हणजे दोन तास खपून केलेला आय मेकअप खड्ड्यात. परीक्षकाला दिसतं ते फक्त चकाकणारं कपाळ. सकाळी सात ते नऊ, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात घरी बसा, कपड्यांना इस्त्री करा, ती कुणीच केलेली नसते.

घाम आला की लगेच पावडर थापू नका, थर जमून चेहऱ्यावर पोपडे दिसतात. आधी टिश्यू नुसता दाबायचा, घासायचा नाही. मग पावडर, तीही नावापुरती. बेसच्या आधी मी रुमालात बर्फ गुंडाळून चेहऱ्यावर फिरवते. बेसखाली लावायच्या महागड्या प्राइमरवर माझा त्याहून कमी विश्वास आहे.

एका ओळीच्या चुका

खोलीत पिवळा बल्बही चालू आणि खिडकीही उघडी असली तर अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा होतो आणि कुठलाच व्हाइट बॅलन्स दोन्ही बाजू सांभाळत नाही. बल्ब बंद करा.

फोन नाकाजवळ नेऊन क्लोजअप काढलात तर नाकच मोठं येणार. दोन पावलं मागे जा आणि २एक्स लावा.

स्टुडिओत फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येत असेल तर फ्लॅश बिघडलेला नाही, शटर स्पीड फ्लॅशच्या मर्यादेपुढे गेलाय, बहुतेक कॅमेऱ्यांवर ती साधारण १/२०० सेकंद असते.

गाऊन घातलेल्या मॉडेलच्या मनगटावरचा लाल दोरा आणि केसांचा रबर. दर वर्षी.

गाऊन ढगळ असेल तर पाठीमागून चिमटे लावा, फोटोत पाठ दिसत नाही.

एकच काजळ आणि एकच मस्कारा सगळ्या ग्रुपला फिरवू नका, डोळे येतात. आणि नवीन क्रीम असेल तर आदल्या दिवशी कानामागे लावून बघा.

किल्ल्यावर शूट करायचं असेल तर तो कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉड उभा करायलाही परवानगी लागते, आणि चौकीदाराशी हुज्जत घालण्यात सकाळचा उजेड निघून जातो.

'ट्रायबल लुक' म्हणून सातपुड्यातल्या पावरा बायकांची चांदी, राजस्थानी घागरा आणि कपाळावर पेनानं काढलेले ठिपके एकत्र करू नका. नंदुरबारकडची एखादी पोर वर्गात असतेच. तिला विचारा, ती चार वाक्यांत सगळं सांगेल.

त्वचा एवढी गुळगुळीत करू नका की छिद्रं नाहीशी होतील. मेकअपचं प्रोजेक्ट आहे, मेकअप त्वचेवर कसा बसलाय तेच तर बघायचंय.

मूडबोर्डवर, म्हणजे शूटच्या कल्पनेसाठी जमवलेल्या चित्रांच्या पानावर, मात्र दोन ओळी जास्त. तो नुसता पिंटरेस्टवरून भरतात, त्यामुळे सगळ्यांचा सारखा दिसतो. फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांनी चेहऱ्यांवर अख्खी कारकीर्द केली, मराठी माणूस, २०११ मध्ये गेले. त्यांचे फोटो शोधून बघा म्हटलं की पोरं आधी नाव लिहून घेतात आणि मग रील बघत बसतात.

अहवाल

शूट झालं, फोटो निवडले, आता मागे वळून लिहायचं. काय ठरवलं होतं, काय झालं, काय बदललं. इथं तर कहर असतो. "या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले. टीमवर्कचे महत्त्व समजले." हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय की फाईल न उघडता म्हणून दाखवीन. एकदा एका ग्रुपमधल्या तीन फायलींत हे वाक्य होतंच, शिवाय 'महत्त्व'मधला एक त तिन्हींत सारखाच गाळलेला होता. आदल्या रात्री एकीनं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिघांना समोर बसवून एकच प्रश्न विचारला, "चौथ्या फोटोत लाईट डावीकडून का घेतला?" तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. लाईट डावीकडे होता, कारण प्लग डावीकडे होता. खरं तर हेच लिहायला हवं होतं! वायर पुरली नाही म्हणून लाईट डावीकडे ठेवला, त्यामुळे उजव्या गालाचं काँटूर, म्हणजे गडद शेडनं दिलेला आकार, सावलीत गेलं, पुढच्या वेळी एक्स्टेंशन बोर्ड नेणार. याला म्हणतात अहवाल.

नाकारलेले फोटो डिलीट करू नका. सगळ्या फोटोंची छोटी छोटी चित्रं एका पानावर छापा, निवडलेल्यांना गोल करा आणि नाकारलेल्यांपैकी पाच-सहांच्या शेजारी पेनानं कारण लिहा. डोळा मिटला, पापणीचा गम दिसतोय, फोकस कानावर गेला. एका मुलीनं असं पान लावलं होतं. तिचे अंतिम फोटो बेताचेच होते, पण परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या पानावर घालवला आणि तिनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण ते तिच्याच अक्षरात समोर होतं.

हे शूटच्याच संध्याकाळी लिहायचं. वही मळली तरी चालेल, पण त्याच संध्याकाळी. कुठली शेड, कुठली लेन्स, किती वाजता, काय बिनसलं. आठवड्यानं लिहायला बसलात की जे झालं ते आठवत नाही आणि जे व्हायला हवं होतं तेच कागदावर उतरतं. माझ्या पेटीत ब्रशांबरोबर एक वही असते. पोरं तिला हसतात आणि परीक्षेच्या आधी उसनी मागतात. मी देत नाही.

छपाई

१२ बाय १८ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी काढायची तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवरून एकमेकांना पाठवलेल्या फोटोत तेवढे उरत नाहीत. लॅबवाला प्रिंट देईल, नाही म्हणणार नाही, पण पापण्यांचा चिखल होईल. फाईल एसआरजीबी या रंगांच्या सेटिंगमध्ये ठेवा, आधी एक छोटी प्रिंट काढून रंग बघा आणि मगच सगळ्या छापा. जमा करायच्या सकाळी लॅबसमोर उभं राहून "भाऊ, जरा लवकर" करणाऱ्यांच्या प्रिंट कशा येतात ते मी सांगत नाही.

शेवटच्या पानावर नावं घाला. मेकअप कुणी केला, केस कुणी केले, कपडे कुठून आणले, थर्माकोल कुणी धरला. आणि जी मैत्रीण पापण्यांचा गम सोसून उन्हात उभी राहिली तिला तिचे फोटो द्या, पेनड्राइव्हवर, पूर्ण आकाराचे. दर वर्षी एखादी पोर स्टुडिओत येऊन विचारते, "ताई, माझेच फोटो मला मिळाले नाहीत, तुमच्याकडे आहेत का?"